बसून ऐकायचा बँड

धुरीमास्तर येताना दिसायचे ते पाठीकडून. लाल कोट, त्यावर घामानं काळवंडलेली सोनेरी झालर, डोक्यावर जरा तिरकी टोपी, आणि ही सगळी पाठ हळूहळू आपल्याकडे सरकत यायची. तिच्यापलीकडे नऊ वादक, त्यांच्यामागे घोडा आणि घोड्यावर घामाघूम नवरा. बँडमास्तरानं आपल्या माणसांकडे पाठ करायची नाही, असा त्यांचा दंडक होता. त्यामुळे लग्नाच्या मोसमात मास्तर अख्ख्या मुलुंडभर उलटे चालत.

"पुढचो रस्तो काय, आसताच," ते मला म्हणायचे. "मागचे लोक सुरात आसत की नाय, ता बघूक व्हया, बाय."

स्वातंत्र्याला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती. मी मुलुंडच्याच एका शाळेत चौथीला शिकवत होते आणि आईवडिलांबरोबर चाळीत राहत होते. शेजारची खोली मास्तरांची. मला सारी चाळ 'बाई' म्हणायची, फक्त मास्तर 'बाय' म्हणत. मालवणकडे घरच्या मुलीला म्हणतात तसं. चाळीशी ओलांडलेला, ठेंगणा, गोल चेहऱ्याचा माणूस. दिवसा एका छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर काम करायचा आणि उरलेल्या वेळात 'न्यू रवळनाथ ब्रास बँड'चा मालक, मास्तर आणि कॉर्नेटवाला असायचा. ही अक्षरं मोठ्या ढोलावर निळ्या रंगात लिहिलेली होती. मी एकदा खवचटपणे विचारलं, "मास्तर, न्यू म्हणता, मग जुना रवळनाथ बँड कुठं आहे?"

"जुनो?" ते म्हणाले, "तो राजाबरोबर गेलो." आणि पितळेवर राख घासत राहिले. त्यांनी थट्टेचं उत्तर थट्टेनं दिलं असं समजून मी हसले. त्यात काही अर्थ होता हे पुढं कळलं.

मास्तरांचा रियाज हा चाळीच्या थट्टेचा कायमचा विषय होता. कॉर्नेट म्हणजे हातभर लांबीचं पितळी वाद्य, पण आवाज असा की चार बिऱ्हाडांपलीकडचं तान्हं मूल दचकून उठावं. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मास्तर तांदळाच्या डब्यात वाजवत. डबा मांडीवर आडवा घ्यायचा, कॉर्नेटचं तोंड तांदळात खुपसायचं आणि फुंकायचं. भिंतीपलीकडून मग सर्दी झालेल्या माणसानं गावं तसा सूर यायचा. धुरीवैनी करवादायच्या, "भाताक थुकेचो वास येता हां! सांगून ठेवतंय!" मास्तर डब्यातून तोंड वर काढून म्हणत, "वास नाय गो, सूर तो."

वैनी रागावायच्या खऱ्या, पण त्या डब्यातले तांदूळ त्यांनी कधी दुसऱ्या डब्यात काढले नाहीत.

मास्तरांना नोटेशन वाचता यायचं, पण वाजवणाऱ्या नवांपैकी एकालाही नाही. त्यामुळे नवीन सिनेमा लागला की मास्तर पहिल्या दिवशी जाऊन गाणं कानात भरून आणत आणि चाळीमागच्या माळावर बँडला शिकवत. शिकवायचं तेही चालत. दहाजण माळाला गोल गोल फेऱ्या घालताहेत, पुढं मास्तर उलटे, हा देखावा रविवारी दुपारी ठरलेला. कलारनेटवर पोस्टातला कृष्णा. हा वाजवताना डोळे मिटायचा. मोठ्या ढोलावर जनू. हा इतका किडकिडीत की ढोलालाच दोन पाय फुटलेत असं समोरून वाटायचं. जनूला ढोलामुळे पुढचं काही दिसत नसे, कृष्णा डोळे मिटलेला आणि मास्तर उलटे. म्हणजे वरात कुठं चालली आहे हे बघणारा बँडात कुणीच नव्हता, हे एका वैशाखात सगळ्या मुलुंडला कळलं.

त्या दिवशी पाच रस्त्याजवळ एकाच वेळी दोन लग्नं होती. मास्तरांनी ऐन भरात वरात आणली आणि एक गल्ली आधीच वळवली. बँड आत, घोडा आत, वऱ्हाड आत. मांडव एका गुजराती कुटुंबाचा. सरबताचे पेले हातोहात फिरले, वऱ्हाडानं ते पिऊन टाकले. मुलीची आई ओवाळायला ताम्हन घेऊन पुढं आली, तिनं घोड्यावरच्या माणसाकडे पाहिलं, मग आपल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आ कोण?"

नवरदेवाचा मामा मास्तरांवर तुटून पडला. "अहो, अक्कल आहे का? भलत्याच्या दारात आणलंत!"

मास्तर शांत. "घर चुकला, कबूल. गाण्यात खंय चुकलो ता सांगा."

मामाला ते सांगता येईना. त्या गुजराती गृहस्थांना मात्र इतकं हसू आलं की धाकट्या मुलीच्या लग्नाचा बँड त्यांनी तिथंच ठरवून टाकला. तेव्हापासून वळण आलं की ढोलावर दोन टिपऱ्या मारायचं काम जनूकडे आलं. जनूला वळण दिसत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मास्तरांचं संगीतशास्त्र त्यांचं स्वतःचं होतं. मी पेटी वाजवायची, गावातल्या गायन मंडळात साथीला बसायची, त्यामुळे मला थोडी ऐट होती. राग, ताल, घराणी असं मी काही बोलायला लागले की ते मान हलवत. त्यांच्या मते संगीत तीनच तऱ्हांचं: चालतं, उभं आणि बसतं. वरात, मिरवणूक, मार्च, सिनेमाची गाणी हे चालतं. आरती, मंगलाष्टकं, झेंडावंदन हे उभं. आणि ज्याच्यासाठी माणूस घरून निघतो, येऊन मांडी घालतो आणि दुसरं काही करत नाही, ते बसतं. तीन मात्रांच्या विलायती वॉल्ट्झला ते 'तीन पायांचं' म्हणत आणि वरातीत वाजवत नसत. घोड्याला केरव्याची सवय असते, तीन पायांचं ऐकलं की तो आडवा चालतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा कुण्या हौशी नवरदेवानं हट्ट धरला तेव्हा घोडा खरोखरच पानवाल्याच्या दुकानात शिरला, म्हणून मी त्यावर वाद घालत नाही.

माणसांचीही त्यांनी अशीच वाटणी केली होती. मंडळाचे अध्यक्ष सबनीस वकील 'बसते'. वैनी 'उभ्या', कारण त्या बसलेल्या कुणी पाहिल्याच नव्हत्या. "आणि मी?" मी विचारलं.

"तू चालती. पण वळणार बेताल होतंस."

माझं लग्न ठरता ठरता मोडलं होतं त्या दिवसांतली ही गोष्ट. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी चार दिवस बोलले नसते. मास्तर म्हणाले आणि मला हसू आलं.

आमच्या मंडळाचं गाणं रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये व्हायचं. मुंबईहून गवई यायचे, जाजम अंथरलेलं असायचं, सबनीस वकील दारापाशी खुर्ची टाकून कोण उशिरा येतो ते बघत बसायचे. मास्तर दर रविवारी यायचे, पण आत नाही. रस्त्याच्या बाजूच्या खिडकीखाली उभे राहून ऐकायचे. शेवटपर्यंत, उन्हात. मी कितीदा म्हटलं, "आत या ना, मास्तर. कोण अडवतंय?"

"नको गो. आमी चालते लोक. आत बसलो तर बसणाऱ्यांका अडचण."

एका रविवारी गाणं संपल्यावर आम्ही दोघं घराकडे चाललो होतो. मास्तर आंब्याच्या झाडाखाली थांबले आणि त्यांनी मला राजाची गोष्ट सांगितली. कोकणातल्या एका छोट्या संस्थानाचा रवळनाथ बँड होता, तिथं मास्तर कॉर्नेट शिकले. दसऱ्याच्या दिवसांत राजवाड्यापुढच्या बागेत तो बँड वाजायचा आणि लोक खुर्च्यांवर बसून ऐकायचे. मास्तर तेव्हा सगळ्यांत नवखे, बागेत वाजवायची त्यांची पाळी आली नव्हती. ते नोटेशनचे कागद ठेवायच्या घोड्या मांडायचे आणि मागं उभे राहायचे. पुढच्या दसऱ्याला बसवतो, असं मोठ्या मास्तरांनी सांगितलं होतं. त्याच्या आत संस्थान विलीन झालं, बँड मोडला, आणि धुरी मुंबईला आले.

"बाय," ते म्हणाले, "इतकी वर्सां वाजवतंय. लोक नाचतत, भांडतत, फटाके लावतत, घोड्याक चणे घालतत. बसान कोणी आयकला नाय. एकदा तरी कोणी बसान आयकूक व्हया. मंडळात इचारशील?"

आणि मी हसले. वाईट हेतू नव्हता. डोळ्यांसमोर आलं ते एवढंच की जाजमावर सबनीस वकील आणि समोर जनूचा ढोल. पण हसले ते हसले. मास्तरही हसले आणि म्हणाले, "असांदे, असांदे." दुसऱ्या दिवशी नळावर त्यांनी मला 'मास्तरीणबाई' म्हटलं. तिसऱ्या दिवशीही. 'बाय' म्हणणं बंद झालं. इतकं सभ्यपणे मला कुणीच कधी शिक्षा केली नव्हती. शाळेत मुलांना उगाच ओरडायला लागले, तेव्हा मला कळलं की मला लाज वाटते आहे.

मी सबनीसांकडे गेले. "बँड?" ते म्हणाले. "हॉलमध्ये? बाई, छप्पर उडेल. बँड लग्नात असतो, गाणं मंडळात असतं." मी पुन्हा गेले. मग तिसऱ्यांदा गेले. तिसऱ्यांदा त्यांनी मला चहा दिला आणि विषय बदलला.

मास्तर मात्र थांबले नव्हते. भिंतीपलीकडून तांदळातून येणारा सूर बदलला होता. सिनेमातलं काही नव्हतं ते. मी कान लावून ऐकलं तर बिलावल. खिडकीखाली उभं राहून कुठल्याशा गवयाकडून उचललेला, सावकाश, नीट, एकेक जागा घासूनपुसून. आणि दर रविवारी दुपारी माळावर दहाजण बिलावलच्या फेऱ्या घालत. वाजवायला कुठं मिळणार होतं, देव जाणे.

आणि एका रविवारी मुंबईहून येणारे बुवा आलेच नाहीत. त्यांचा शिष्य धापा टाकत निरोप घेऊन आला, घसा बसलाय. हॉल भरलेला. सबनीस वकील घड्याळ बघताहेत, मंडळी कुजबुजताहेत, आणि खिडकीच्या गजांपलीकडे मास्तरांची टोपी दिसते आहे. मी पेटीवरून उठले आणि सबनीसांना सगळ्यांसमोर म्हटलं, "धुरीमास्तरांना बोलवा. त्यांचा बिलावल तयार आहे."

सगळ्यांसमोर म्हटल्यामुळे त्यांना पटकन नाही म्हणता येईना. "ठीक आहे," ते म्हणाले, "पण बैठकीची शिस्त पाळायची. सिनेमा नाही. आणि बसून वाजवायचं. इथं मिरवणूक नको."

मास्तर खिडकीतून हे ऐकत होते. चाळ चार पावलांवर. अर्ध्या तासात दहाजण लाल कोट घालून, बटणं लावून हजर. शाळेच्या वर्गातल्या खुर्च्या ओळीनं मांडल्या. कृष्णानं टोपी मांडीवर ठेवली. जनूनं ढोल पुढं घेतला आणि तो पूर्ण दिसेनासा झाला. मास्तर बसले, समोर जाजमावर बसलेल्या लोकांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि कॉर्नेट ओठांना लावलं.

पहिल्या चार ओळी एकट्या कॉर्नेटच्या. तांदळाशिवाय मास्तरांचा सूर मी इतक्या जवळून पहिल्यांदा ऐकला. मऊ, भरलेला. पुढच्या रांगेतली मंडळी सावरून बसली. मग मास्तरांनी मान हलवली, सगळे आत आले, आणि विचका झाला.

जनू पुढं पळाला. कृष्णा मागं राहिला. झांजा भलतीकडे. मास्तरांनी थांबवलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर ढोल आणि कलारनेट दोन वेगळ्या लग्नांतले वाटायला लागले. मागून कुणी तरी खुदकन हसलं. मग बरेचजण हसले. सबनीस दारापाशी उभे राहून माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्याचा अर्थ मला चांगला कळत होता. मास्तरांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. आयुष्यभर मागितलेली एक सकाळ, आणि ती अशी हातची चालली होती. मला वाटलं, मीच त्यांना फाशी दिली.

मास्तर आपल्या माणसांच्या तोंडांकडे बघत होते. मग त्यांनी खाली पाहिलं. खुर्च्यांखाली नऊजणांचे अठरा पाय निमूट, जुळवून ठेवलेले, शाळेतल्या मुलांसारखे. इतकी वर्षं या लोकांनी ताल धरला होता तो पायांनी. एकानंही कधी बसून वाजवलं नव्हतं, बिलावलसुद्धा चालतच शिकले होते.

"उठा रे," मास्तर म्हणाले. "खुर्च्यो बाजूक करा."

"अहो मास्तर, बसून वाजवायचं ठरलंय!" सबनीस ओरडले.

मास्तर वळून त्यांना नमस्कार करून म्हणाले, "वकीलसाहेब, बसूचा तुमी. आमी चालतो."

आणि ते निघाले. जाजमाच्या कडेकडेनं, भिंतीला लागून, लोकांना मध्ये घेऊन. पुढं मास्तर उलटे, मागं ओळीनं नऊजण. पहिलं पाऊल पडलं आणि जनूचा ढोल जागेवर आला. ढोलावर त्यानं धोतराचं फडकं टाकलं होतं, त्यामुळे त्याचा नुसता हुंकार येत होता. दुसऱ्या भिंतीपाशी कृष्णानं डोळे मिटले. आधी लोक माना वळवून वळवून बघत राहिले. मग माना दुखल्या असतील किंवा काय असेल, त्यांनी बघणं सोडलं आणि नुसते ऐकायला लागले. बिलावल सगळ्या बाजूंनी येत होता.

दारापाशी चपलांचा ढीग होता आणि मास्तर तिकडेच उलटे येत होते. मी उठणार, तोच सबनीस वकील पुढं झाले. धोतराचा सोगा एका हातात धरून, वाकून, त्यांनी दुसऱ्या हातानं चपला बाजूला सारायला सुरुवात केली. मास्तरांच्या पावलापुढं एक पाऊल, वाकलेले, ते साऱ्या दारासमोरची वाट मोकळी करत गेले. दुसऱ्या फेरीत एक जोडा राहिला होता तोही त्यांनी उचलला, आणि चीज संपेपर्यंत तो त्यांच्या हातातच होता. कुणी हसलं नाही.

शेवटच्या फेरीला मास्तर मंचासमोर आले, थांबले, आणि मी कधीच न पाहिलेली गोष्ट त्यांनी केली. बँडकडे पाठ फिरवली. शेवटची ओळ त्यांनी बसलेल्या लोकांकडे तोंड करून वाजवली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण सूर हलला नाही.

टाळ्या थांबल्यावर ते माझ्याजवळ आले. "बसले होते ना गो सगळे?"

"सगळे, मास्तर."

"मिया बघलंय. पण खात्री करून घेतंय, बाय."

त्या 'बाय'साठी मी नंतर घरी जाऊन भरपूर रडले. आई म्हणाली, "बँड ऐकून रडणारी तूच पहिली."

पुढं माझं लग्न झालं. वरातीला न्यू रवळनाथच होता आणि वळणावर कुणी बेताल झालं नाही. मी अंधेरीला राहायला गेले. मास्तरांचे पुढचे दात पडले, आणि पुढचे दात गेले की कॉर्नेट गेलं. ते कृष्णाच्या पुतण्याला देऊन टाकलं, आणि तांदळाचा डबा आता नुसताच तांदळाचा झाला, असं वैनींनी आईला सांगितल्याचं कानावर आलं. मला वाटलं, मास्तर खचले असतील. दिवाळीनंतर माहेरी गेले तेव्हा जरा धास्तावूनच चाळीकडे वळले.

संध्याकाळचे पाच वाजले असतील. समोरून वरात येत होती, कुठल्या तरी नव्या बँडाची, हिरव्या कोटांची. पोरं नाचत होती, फटाके वाजत होते, घोड्याला कुणी तरी चणे भरवत होतं. आणि चाळीच्या जिन्यावरून मास्तर खाली येत होते. अंगात गंजिफ्रॉक, दोन्ही हातांत घरातली लाकडी खुर्ची. त्यांनी ती रस्त्याच्या कडेला ठेवली, पाय डुगडुगत नाहीत ना ते पाहिलं, धोतर सारखं करून बसले आणि हात मांडीवर ठेवले.

हिरव्या कोटाच्या मास्तरानं त्यांना पाहिलं. तो तरुण होता आणि सरळ चालत होता. खुर्चीसमोर आल्यावर त्यानं हात वर केला, त्याच्यामागचा सगळा बँड थांबला, आणि गाणं मधूनच सोडून त्यांनी ते पहिल्यापासून वाजवायला घेतलं. घोडा थांबला. वऱ्हाड थांबलं. मागून कुणी तरी ओरडलं, "अरे चला ना, मुहूर्त टळेल!"

गॅलरीतून वैनींचा आवाज आला, "अवो, च्या निवली!"

मास्तरांनी वर न बघता नुसता हात केला. खुर्चीखाली त्यांची पावलं ताल धरत होती.

"गप ऱ्हव गो," ते म्हणाले. "चीज संपांदे."